व्हिएन्नाचा एक फार्स, न्यूयॉर्कची डॉली आणि मधली सव्वाशे वर्षं

रंगपीठ

लुई आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजातलं 'हॅलो, डॉली!' बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. १९६४ च्या मे महिन्यात याच गाण्याने बीटल्सना अमेरिकेतल्या पहिल्या नंबरावरून खाली ओढलं होतं. हे गाणं ज्या संगीतिकेतलं ती एका नाटकावरून, ते नाटक आणखी एका नाटकावरून, असं मागे मागे जात राहिलं की आपण पोचतो १० मार्च १८४२ च्या रात्री, व्हिएन्नाच्या 'थिएटर आन डेअर वीन'मध्ये. त्या रात्री योहान नेस्ट्रॉयच्या 'आइनेन युक्स विल एर झिश माखेन' या चार अंकी फार्सचा पहिला प्रयोग झाला. नावाचा अर्थ साधारण 'त्याला एकदा धमाल करायचीय'. आणि या मूळ नाटकात डॉली नावाची बाई औषधालाही नाही.

नेस्ट्रॉय मुळात गायक. १८२२ साली मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधल्या झारास्ट्रोच्या भूमिकेतून त्याने पदार्पण केलं. पुढे नट झाला, आणि नटाला भूमिका लागतात म्हणून लेखक. ऐंशीच्या आसपास नाटकं लिहिली. कथानक स्वतः रचायच्या फंदात तो सहसा पडत नसे. कुठे चांगला सांगाडा दिसला की उचलायचा आणि त्यावर व्हिएन्नाचं रक्तमांस चढवायचं, ही त्याची रीत. 'युक्स'चा सांगाडा लंडनचा : जॉन ऑक्सनफर्डचा 'अ डे वेल स्पेंट' हा १८३५ चा एकांकी फार्स. म्हणजे 'जर्मन फार्स इंग्रजीत गेला' असं आपण म्हणतो तेव्हा तो खरं तर माहेरी परत चाललेला असतो.

आता गोष्ट. लहानशा गावात त्सांगलर नावाचा मसाल्यांचा व्यापारी. बोहल्यावर चढायची हौस आलेला. व्हिएन्नात मादाम क्नोर नावाच्या बाईंचं फॅशनच्या कपड्यांचं दुकान आहे, तिच्याशी लग्न पक्कं करायला तो शहरात निघतो. जाताना थोरला गुमास्ता वाइनबर्ल याला भागीदारी देऊ करतो आणि दुकानातला पोऱ्या ख्रिस्टोफर्ल याला बढती. इथे कुठल्याही गुमास्त्याने पेढे वाटले असते. वाइनबर्लच्या मात्र पोटात गोळा येतो. जन्म वजनकाट्यापुढे गेला, आता भागीदार झालो की उरलेलाही तिथेच जाणार. म्हातारपणी हिवाळ्याच्या रात्री चार व्यापारी आपापल्या तरुणपणच्या भानगडी सांगत बसतील तेव्हा आपल्यापाशी सांगायला काय असेल? एक दिवस तरी उनाड व्हायचंच, असं ठरवून तो पोऱ्याला घेऊन दुकानाला कुलूप ठोकतो आणि व्हिएन्ना गाठतो. शहरात पाय ठेवतात न ठेवतात तोच समोरून मालक!

लपायला शिरतात ते नेमके मादाम क्नोरच्या दुकानात. काहीतरी सबब सांगायची म्हणून वाइनबर्ल थाप मारतो की आपण फ्राउ फोन फिशर यांचे यजमान. ही बाई विधवा, मादामची मैत्रीण, आणि ती त्याच क्षणी दारातून आत येते. ती थाप उघडी पाडत नाही, उलट या 'नवऱ्या'ला सगळ्यांदेखत मनसोक्त खेळवते. मग सगळे जेवायला जातात त्याच हॉटेलात त्सांगलरही येतो, आणि दोन टेबलांच्या मध्ये फक्त एक घडीचं पार्टिशन. तिथून सटकताना दोघं भलत्याच बग्गीत चढतात आणि पोचतात मालकाच्या मेव्हणीच्या घरी. तिला वाटतं, पळून जाऊन लग्न करणारं जोडपं आणून सोडणार होते ते हेच. त्यातली 'मुलगी' म्हणजे बायकी झग्यातला ख्रिस्टोफर्ल.

ही यंत्रणा मी मुद्दाम तपशिलात सांगितली, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी हे नाटक आपल्या भाषेत नेलं त्यांनी बाकी काय वाटेल ते बदललं, पण कुलूप, दुकानातली लपाछपी आणि पार्टिशन यांना शक्यतो धक्का लावला नाही.

१९३८ साली अमेरिकन नाटककार थॉर्नटन वाइल्डरने ते उचललं. 'अवर टाउन' त्याच वर्षी रंगमंचावर आलं होतं. 'द मर्चंट ऑफ यॉंकर्स' या नाटकात त्सांगलरचा झाला होरेस व्हॅन्डरगेल्डर, धान्य-वैरणीचा व्यापारी. वाइनबर्लचा कॉर्नेलियस, पोऱ्याचा बार्नबी, व्हिएन्नाचं न्यूयॉर्क. दुकान बंद करायला इथे कारणही मिळालं : हे दोघे टोमॅटोचे डबे तापवून फोडतात आणि दुर्गंधी सुटली म्हणून दार लावून घेतात! शिवाय वाइल्डरने एक नवी बाई आणली, डॉली लीव्हाय. लग्नं जुळवणारी, आणि मनातून स्वतःच व्हॅन्डरगेल्डरशी लग्न करायचं ठरवून बसलेली. दिग्दर्शक माक्स राइनहार्ट. साल्झबुर्ग महोत्सवाच्या संस्थापकांपैकी एक, हिटलरमुळे देशोधडीला लागलेला, युरोपातला त्या काळचा सर्वांत मोठा दिग्दर्शक. वाइल्डर पोरवयापासून त्याचा भक्त, नाटकही त्यालाच अर्पण केलेलं. २८ डिसेंबर १९३८ ला ब्रॉडवेवर पडदा उघडला आणि ३९ प्रयोगांत कायमचा पडला.

सोळा वर्षांनी, १९५४ च्या एडिंबरा महोत्सवात टायरोन गथ्रीने तेच नाटक 'द मॅचमेकर' नावाने बसवलं. डॉलीच्या भूमिकेत रूथ गॉर्डन. तिथून लंडनचं हेमार्केट, आणि ५ डिसेंबर १९५५ पासून न्यूयॉर्क. तिथे ४८६ प्रयोग झाले, गथ्रीला दिग्दर्शनाचा टोनी (ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार) मिळाला. वाइल्डरने स्वतः लिहून ठेवलंय की संहितेत त्याने किरकोळच फेरफार केले होते. म्हणजे शब्द जवळपास तेच, माणसं तीच, पार्टिशन तेच. एकदा ३९, एकदा ४८६.

माझं म्हणणं एवढंच आहे की फार्सचं भाषांतर कागदावर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तालमीत होतं, आणि ते जमलं नाही तर कागदावरचंही वाया जातं. तुम्हाला काय वाटतं? इंग्रजी नाटककार टॉम स्टॉपर्डच्या रूपांतराबद्दल मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही, इथे त्याचे जाणकार आहेत.

विंगेतला

मस्त धागा. राज्य नाट्य स्पर्धेत फार्स बसवलेला माणूस म्हणून पार्टिशनबद्दल लिहितो.

दोन टेबलं आणि मध्ये पार्टिशन असलं की प्रेक्षकाला दोन्ही बाजू दिसतात, पात्रांना एकच. त्यामुळे डावीकडच्या वाक्याचा हशा उजवीकडच्या चेहऱ्यावर येतो. डावीकडे मालक मोठ्याने बोलला की उजवीकडे कॉर्नेलियसचा घास घशाशी अडकला पाहिजे, तोही हशा ओसरायच्या आत. अर्ध्या सेकंदाने उशीर झाला की संपलं. प्रेक्षक तेवढ्यात विचार करतो, 'हे दोघं सरळ उठून का जात नाहीत?' फार्समध्ये प्रेक्षकाला हा प्रश्न पडू द्यायचा नसतो.

राइनहार्टची ख्याती होती भव्यतेची. गर्दीची दृश्यं, प्रकाश, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभं केलेलं नाटक. त्यात परक्या भाषेतले नट. 'मर्चंट'बद्दल तेव्हाची मुख्य तक्रार हीच की प्रयोग जड झाला, रेंगाळला. डॉली करणारी जेन काउल मोठी नटी, पण तिचा बाज गंभीर, भारदस्त नायिकांचा. गथ्री आदल्याच वर्षी कॅनडात स्ट्रॅटफर्ड महोत्सव उभा करून आला होता, उघड्या मंचावर नटांना धावतं ठेवायची त्याला सवयच होती. रूथ गॉर्डन तर मुलखाची चक्रम आणि चपळ. दोन आकड्यांमधला फरक मला तिथे दिसतो. रंगपीठ यांच्याशी शंभर टक्के सहमत.

शेवटची_रांग

एक शंका. नेस्ट्रॉयने ऑक्सनफर्डचं घेतलं, वाइल्डरने नेस्ट्रॉयचं. मग वाइल्डरवर चोरीचा आरोप कसा झाला नाही? आणि 'मॅचमेकर'च्या पहिल्या अंकात डॉली त्या म्हाताऱ्याला एका मुलीची भुरळ घालते, तो प्रवेश वाचताना मला सारखं वाटत होतं की हे मी मराठीत कुठेतरी पाहिलंय.

रंगपीठ

@शेवटची_रांग, अगदी बरोबर वाटलं तुम्हाला. तो प्रवेश नेस्ट्रॉयचा नाहीच, तो मोलिएरचा आहे. 'द मायझर'मध्ये फ्रोझीन नावाची मध्यस्थ बाई कंजूष हारपागाँला एका मुलीचं स्थळ सांगते : तिला तरुण आवडतच नाहीत, म्हातारेच आवडतात. हुंडा? ती खाण्यापिण्यावर, दागिन्यांवर, जुगारावर जे खर्च करत नाही तोच हुंडा धरा, हिशेब करून देते! वाइल्डरने तो प्रसंग डॉलीच्या तोंडी घातला आणि त्यातून डॉली जन्मली. आचार्य अत्र्यांचं 'कवडीचुंबक' याच मोलिएरच्या नाटकावरून बेतलेलं. तुमची ओळख तिथली. म्हणजे आपली आणि डॉलीची पणजी एकच.

चोरीबद्दल : वाइल्डरने नेस्ट्रॉय आणि ऑक्सनफर्ड दोघांचं ऋण छापील पुस्तकात नाव, गाव, सालासकट मान्य केलंय. त्याच्यावर आरोप झाला तो पुढच्या नाटकाच्या वेळी, आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसवरून उचलल्याचा. ते वेगळं प्रकरण.

ऑक्सनफर्डबद्दल जाता जाता. हा गृहस्थ पुढे लंडनच्या 'टाइम्स'चा नाट्यसमीक्षक झाला आणि त्याने गटेचं आत्मचरित्र इंग्रजीत आणलं. १८५३ साली त्याने लिहिलेल्या एका लेखामुळे शोपेनहाउअर हा तोवर दुर्लक्षित राहिलेला तत्त्वज्ञ एकदम लोकांच्या नजरेत आला, अगदी जर्मनीतसुद्धा. एका बाजूला व्हिएन्नाला फार्स पुरवला, दुसऱ्या बाजूला जर्मनांना त्यांचाच तत्त्वज्ञ दाखवून दिला. या माणसावर कोणीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

दॅन्यूबकाठ

व्हिएन्नात राहते म्हणून थोडी दुसरी बाजू मांडते. रंगपीठदादा, तुमचा 'सांगाडा टिकला' हा मुद्दा पटतो, पण इथल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल की नेस्ट्रॉय सांगाड्यात नव्हताच. तो होता त्याच्या भाषेत आणि पदांत.

या प्रकाराला इथे 'पॉसे मिट गेझांग' म्हणतात, म्हणजे पदांसकट प्रहसन. 'युक्स'चं संगीत आडोल्फ म्युलरचं. मध्येच नट पुढे येऊन एकटा गातो, प्रत्येक कडव्याला तेच ध्रुपद. वाइनबर्ल स्वतः नेस्ट्रॉय करायचा, उंच आणि शिडशिडीत. त्याच्यासमोर नोकर मेल्किओरच्या भूमिकेत बुटका, गोल वेन्झेल शोल्झ. दोघं नुसते शेजारी उभे राहिले तरी हशा पिकायचा. मेल्किओर उठता बसता प्रत्येक गोष्टीला 'दास इस क्लासिश!' म्हणतो आणि मालक त्यावरून वैतागतो. इथे नाटकाला गेलं की पहिल्या 'क्लासिश'लाच थिएटरभर खसखस पिकते, कारण पुढचं लोकांना पाठ असतं. आजही या माणसाचं शहरात ठाण आहे : मेट्रोचं एक स्टेशन नेस्ट्रॉयप्लाट्झ, आणि २००० सालापासून व्हिएन्नाचं मोठं नाट्य पारितोषिकही त्याच्याच नावाचं.

वाइल्डरने मेल्किओरचा मॅलाकाय केला, त्याला सुंदर स्वगतही दिलं : माणसाने एका वेळी एकच दुर्गुण जोपासावा, मग शेजारी आपोआप सद्गुण उगवतात. 'हॅलो, डॉली!'मध्ये मॅलाकाय गायब. शेवटच्या अंकातली मेव्हणीची जागा घेणारी बाईही गायब. पार्टिशनपेक्षा महत्त्वाचा झाला हॉटेलातला जिना, ज्यावरून डॉली लाल झग्यात उतरते आणि वेटर गातात. तुम्ही म्हणता ती यंत्रणासुद्धा तिथे निम्मीच उरली.

आणि तरीही १९६८ साली जर्मन 'हॅलो, डॉली!' व्हिएन्नात आली, मारिका र्‍योकला घेऊन, ती कुठे? थिएटर आन डेअर वीनमध्येच.

रंगपीठ

@दॅन्यूबकाठ, ताई, हे शेवटचं वाचून खुर्चीत सरळ बसलो. ज्या मंचावरून वाइनबर्ल निघाला त्याच मंचावर डॉली होऊन परतला.

पदांबद्दल तुमचं खरं आहे, ते नुकसान भरून निघालेलं नाही. फक्त एक : प्रेक्षकांकडे वळून मनातलं बोलणं वाइल्डरने सोडलेलं नाही. व्हॅन्डरगेल्डर, कॉर्नेलियस, मॅलाकाय, डॉली, प्रत्येकाला एकेकदा नाटक थांबवून आपल्याशी बोलायला मिळतं. मला ती नेस्ट्रॉयच्या पदांची सावली वाटते.

सोंगाड्याचा_फेटा

पदाच्या कडव्यांत त्या दिवसाच्या बातम्या घालायचे का? आमच्या वगात सोंगाड्या घालतो तशा? तसं असेल तर सरकार गप्प कसं बसलं?

दॅन्यूबकाठ

घालायचे, आणि सरकार गप्प बसत नव्हतं. तो ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलर मेटर्निखचा काळ. प्रत्येक संहिता आधी सेन्सॉरकडे. नेस्ट्रॉय लिहितानाच धोक्याच्या वाक्याला सौम्य पर्याय तयार ठेवायचा. प्रयोगात आयत्या वेळी संहितेबाहेरचं बोलायला कायद्याने बंदी, आणि हा तर त्यासाठीच प्रसिद्ध. १८३६ साली वीस्ट नावाच्या समीक्षकाने त्याला झोडपलं होतं. नेस्ट्रॉयने मंचावर पत्त्यांच्या डावावरून बोलता बोलता सांगितलं की सगळ्यात हुशारीच्या खेळाचं नाव आणि व्हिएन्नातल्या सगळ्यात मूर्ख माणसाचं नाव एकच. खेळ अर्थात व्हिस्ट. त्यापायी पाच दिवस कोठडी.

परदेशी भाषांतरात हेच आधी गळतं. छापलेलं भाषांतरित करता येतं, त्या संध्याकाळी सुचलेलं कसं करणार?

सोंगाड्याचा_फेटा

धन्यवाद ताई. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा आणला आणि पुढे 'कीचकवध' त्यात सापडलं, ते आठवलं. नाटकाला छापील पुस्तकापेक्षा सरकार जास्त घाबरतं, तिथेही आणि इथेही.

पृथ्वी_कट्टा

स्टॉपर्डचं कोणी लिहीना म्हणून मीच लिहितो.

'ऑन द रॅझल', १९८१, लंडनचं नॅशनल थिएटर, दिग्दर्शक पीटर वुड. टॉम स्टॉपर्डला जर्मन येत नव्हतं. त्याच्यासाठी शब्दशः इंग्रजी तर्जुमा करून घेतला आणि त्यावर त्याने स्वतःचं नाटक उभं केलं. पात्रं आणि बरंचसं कथानक नेस्ट्रॉयचं, संवाद बहुतेक सगळे स्टॉपर्डचे, आणि हे त्याने स्वतःच स्पष्ट सांगितलंय. त्याने डॉली घेतली नाही, गाव पुन्हा व्हिएन्नाजवळ नेलं, नावंही त्सांगलर, वाइनबर्ल, मेल्किओर अशी मूळचीच ठेवली. गाणी काढली, बोलीचा नाद सोडला. त्या बदल्यात दर दुसऱ्या ओळीत शब्दांच्या कोलांट्या. त्सांगलरला ऐन मोक्याला नेमका शब्द सापडत नाही, भलताच निघतो, आणि त्यातून वाक्यं घरंगळत जातात. व्हिएन्नात स्कॉटिश चौकडीच्या कापडाची टूम आलीय असं दाखवून त्यावरही धमाल केलीय.

दॅन्यूबकाठ यांच्या कसोटीवर, म्हणजे नेस्ट्रॉय भाषेत आहे या कसोटीवर, मला स्टॉपर्ड सगळ्यांत जवळचा वाटतो. त्याने नेस्ट्रॉयचा एकही विनोद आणला नसेल, पण विनोद भाषेतूनच काढायचा ही सवय आणली. आणि तो स्वतःही जन्माने झेक, झ्लीनचा. लहानपणी युद्धात पळत पळत सिंगापूरहून हिंदुस्थानात आला, दार्जिलिंगला शिकला, इंग्रजी नंतरची. वाढत्या वयात शिकलेल्या भाषेशी माणूस असा खेळू शकतो याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता आपल्या जवळची गोष्ट. त्या प्रयोगात पोऱ्या ख्रिस्टोफर झाली होती फेलिसिटी केंडल! वडिलांच्या 'शेक्सपीअराना' कंपनीबरोबर हिंदुस्थानभर शाळा-कॉलेजांत नाटकं करत वाढलेली. तिची थोरली बहीण जेनिफर, जिने शशी कपूरबरोबर १९७८ साली जुहूला पृथ्वी थिएटर उभं केलं. पोऱ्याचं काम बाईने करायचं, मग त्या 'पोऱ्या'ला बायकी झगा चढवायचा : दुहेरी सोंग. फिरत्या कंपनीत लहानपणापासून मिळेल ते काम केलेली नटी यात रंगणारच.

शेवटची_रांग

@पृथ्वी_कट्टा, जबरदस्त माहिती. पण स्टॉपर्डमध्ये वाइनबर्लचं ते दुःख राहतं का? म्हातारपणी सांगायला काही नसेल ही भीती? मला वाइल्डर आवडतो तो त्यासाठी. कॉर्नेलियस तेहतीस वर्षांचा आहे आणि त्याने अजून एका मुलीचं चुंबनही घेतलेलं नाही. टोप्यांचं दुकान चालवणाऱ्या मिसेस मलॉयसमोर तो उभा राहतो तेव्हा हसतानाच घशात काहीतरी दाटतं.

पृथ्वी_कट्टा

राहतं, पण वेगाखाली दबतं. तुमचा आक्षेप रास्त आहे. शब्दांचा मारा एवढा की प्रेक्षकाला कळवळायला उसंत मिळत नाही.

विंगेतला

इथे मी वाइल्डरच्या बाजूने. त्याने लिहिलंय की हे नाटक आयुष्यात पुरेपूर भाग घ्यायला आसुसलेल्या माणसांबद्दल आहे, तरुणांबद्दल आणि तरुण नसलेल्यांबद्दलही. आणि लहानपणी ओकलंडच्या थिएटरात पाहिलेल्या जुन्या बाजाच्या नाटकांची नक्कल करत त्याने ते रचलं. नटाला हे दोन्ही एकदम सांभाळावं लागतं : नक्कल वरून, आस आतून. नुसती धावपळ केली तर टाळ्या मिळतात, पण कॉर्नेलियस कोणाच्या लक्षात राहत नाही.

लाल_झगा

उशिरा आले. 'हॅलो, डॉली!'वर जरा अन्याय होतोय असं वाटलं म्हणून लिहिते. १६ जानेवारी १९६४ ला सुरू झालेली ही संगीतिका २,८४४ प्रयोग चालली, दहा टोनी मिळाले. संगीत जेरी हर्मनचं, संहिता मायकेल स्टुअर्टची. भूमिका आधी एथेल मर्मनसाठी योजली होती, ती नाही म्हणाली म्हणून कॅरोल चॅनिंग आली. आणि शेवटी १९७० साली हीच मर्मन डॉली झाली! १९६७ साली निर्माता डेव्हिड मेरिकने सगळा संच कृष्णवर्णीय कलाकारांचा केला, पर्ल बेली आणि कॅब कॅलोवे. तेच नाटक, तीच गाणी, पण ६७ सालच्या अमेरिकेत यॉंकर्सच्या दुकानदाराच्या घरात ही माणसं दिसणं ही लहान गोष्ट नव्हती. मेरी मार्टिनच्या संचाने तर १९६५ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपुढे प्रयोग केले. यंत्रणा निम्मी उरली असेल, पण दर नव्या डॉलीबरोबर नाटक नवं होत गेलं, तसं ते नेस्ट्रॉयच्या काळात दर नव्या कडव्याबरोबर होत असे.

दॅन्यूबकाठ

@लाल_झगा, नव्या कडव्याची आणि नव्या डॉलीची ही जोड मला सुचली नव्हती. आवडली.

नवा_सभासद_नाशिक

सगळा धागा वाचून काढला. माझ्यासारख्याने कुठून सुरुवात करावी?

रंगपीठ

@नवा_सभासद_नाशिक, आधी १९५८ चा 'द मॅचमेकर' सिनेमा बघा. शर्ली बूथची डॉली, अँथनी पर्किन्सचा कॉर्नेलियस, शर्ली मॅक्लेनची मिसेस मलॉय. नाटकाचा आकार त्यात नीट कळतो. मग जीन केलीने दिग्दर्शित केलेली १९६९ ची 'हॅलो, डॉली!', स्ट्रायसँड आणि वॉल्टर मॅथाऊची. जिन्याचा प्रवेश सोडू नका, आर्मस्ट्राँग तिथेच भेटतो. त्यानंतर 'ऑन द रॅझल' पुस्तक घेऊन मोठ्याने वाचा, शक्यतो दोघांनी मिळून, मनातल्या मनात वाचून त्याची मजा येत नाही. आणि मधल्या वेळात 'कवडीचुंबक' मिळालं तर त्यातला स्थळ सांगण्याचा प्रवेश आणि वाइल्डरचा पहिला अंक शेजारी ठेवून बघा. काय दिसलं ते इथेच लिहा.